सपाट मुलखातील मुलगी आणि टप्प्यांची शर्यत: सोलापूरच्या एका पालकांना उत्तर

जुळे सोलापूर भागातील एका दांपत्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांची मुलगी अकरावीत शिकते, सायकलच्या शर्यतींत ती राज्य पातळीपर्यंत खेळली आहे आणि महिलांची टूर दी फ्रान्स पाहू लागल्यापासून तिने रस्त्यावरच्या शर्यतींतच व्यावसायिक व्हायचे मनावर घेतले आहे. टप्प्यांची, म्हणजे अनेक दिवस रोज एक टप्पा धावण्याची, शर्यत नेमकी कशाच्या बळावर जिंकली जाते, डोंगर नसलेल्या सोलापुरात राहून तिची तयारी होऊ शकते का, आणि बारावी बाजूला ठेवून या मागे लागण्याइतका हा व्यवसाय भरवशाचा आहे का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत. मी रस्त्यावरच्या शर्यती खेळले आहे आणि आता याच शहरात मुलींना शिकवते. त्या अनुभवावरून जे ठामपणे सांगता येते तेवढेच येथे लिहीत आहे.

उत्तराचा गाभा आधी सांगते. आपल्या मुलींच्या पायांत ताकद कमी आहे म्हणून त्या मागे पडतात, हा समज मला मान्य नाही. आपल्याकडील मुलगी एकटीने वेगाने सायकल चालवायला शिकते. मात्र शंभर जणींच्या बंचमध्ये, म्हणजे एकत्र धावणाऱ्या घोळक्यात, एकमेकींच्या चाकापासून वीतभर अंतरावर, वारा आणि वळणे यांचा अंदाज घेत शर्यत करायला तिला कोणी शिकवलेलेच नसते. टप्प्यांची शर्यत जवळजवळ पूर्णपणे या दुसऱ्या कौशल्यावर उभी आहे. हे एकदा ध्यानात आले की सोलापुरात काय शक्य आहे आणि कशासाठी बाहेर जावे लागेल, हेही स्पष्ट होते.

टप्प्यांच्या शर्यतीत प्रत्येक दिवसाचा वेळ नोंदवून त्याची बेरीज केली जाते आणि ज्या खेळाडूची एकूण बेरीज सर्वांत कमी ती विजेती ठरते. नियम इतका साधा असला तरी त्याचे परिणाम फार खोलवर जातात. मुख्य बंचबरोबर अंतिम रेषा ओलांडणाऱ्या सगळ्यांना एकच वेळ मिळतो, त्यामुळे सपाट टप्प्यावर विसावी येणारी आणि ऐंशीवी येणारी यांच्यात एका सेकंदाचाही फरक पडत नाही. पण त्याच टप्प्यावर बंच तुटून आपली खेळाडू मागच्या तुकड्यात अडकली, तर मिनिट-दीड मिनिट एका क्षणात जाते आणि ते भरून काढायला पुढे एखादा मोठा घाट यावा लागतो. टप्प्यात पहिल्या तिघींना एकूण वेळेतून १०, ६ आणि ४ सेकंदांची सूट मिळते. रोज ठरावीक वेळमर्यादेच्या आत पोहोचावे लागते, नाहीतर दुसऱ्या दिवशी सुरुवातच करता येत नाही. एकूण वेळेत आघाडीवर असलेल्या खेळाडूच्या पिवळ्या जर्सीखेरीज गुणांची हिरवी, घाटांची ठिपक्यांची आणि तरुण खेळाडूंची पांढरी जर्सी असते, आणि अनेक संघ केवळ यांपैकी एकीसाठीच खेळत असतात.

२०२४ ची महिलांची टूर मी माझ्या मुलींना शिकवण्यासाठी पुन्हा पुन्हा दाखवते. डच खेळाडू डेमी व्होलेरिंग आदल्या वर्षीची विजेती होती आणि रॉटरडॅममधली टाइम ट्रायल, म्हणजे एकटीने घड्याळाविरुद्ध धावण्याचा टप्पा, जिंकून तिने पिवळी जर्सी मिळवलीही होती. पाचव्या टप्प्यात, अम्नेव्हिल येथे रेषा सुमारे ६ किलोमीटरवर असताना ती पडली. शेवटच्या ३ किलोमीटरमध्ये अपघात झाला तर खेळाडूला तिच्या गटाचाच वेळ देण्याचा नियम आहे, पण ती त्या हद्दीच्या अलीकडे होती, त्यामुळे तो तिला लागू झाला नाही आणि दीड मिनिटाहून अधिक वेळ गेला. तो टप्पा तिचीच सहकारी ब्लांका वास हिने जिंकला, म्हणजे संघ पुढे होता आणि संघाची प्रमुख खेळाडू मागे. त्याच टप्प्यात पोलंडची कासिया न्येवियादोमा दुसरी आली, तिला ६ सेकंदांची सूट मिळाली आणि पिवळी जर्सी तिच्याकडे गेली. शेवटच्या दिवशी कोल दु ग्लाँदाँ आणि आल्प द्युएझ हे दोन प्रचंड घाट होते. व्होलेरिंगने ग्लाँदाँवरच हल्ला चढवला, आल्प द्युएझचा टप्पा जिंकला आणि विजेतीची १० सेकंदेही मिळवली. न्येवियादोमा १ मिनिट १ सेकंद मागे राहून पोहोचली आणि तरीही टूर जिंकली, अवघ्या ४ सेकंदांनी. अम्नेव्हिलला दुसऱ्या क्रमांकासाठी केलेली ती धाव नसती तर निकाल उलटला असता, हे मुलींनी स्वतः कागदावर मांडून पाहावे असे मी सांगते. सर्वांत जोरात घाट चढणारी खेळाडू त्या वर्षी दुसरी आली.

याच्या आदल्या वर्षी, २०२३ च्या स्पेनमधील ला व्हुएल्ता फेमेनिनामध्ये, याच व्होलेरिंगच्या बाबतीत घडलेला प्रसंग तर अधिक बोलका आहे. आघाडीची लाल जर्सी अंगावर असताना ती लघुशंकेसाठी थांबली, आणि नेमक्या त्या पट्ट्यात आडवा वारा वाहत असल्याने मोविस्टार संघाने वेग वाढवून बंच फोडला. त्या दिवशी तिची आघाडी गेली. पुढे लागोस दे कोवादोंगाच्या घाटावर तिने वेळ कमी करत आणला, तरी अखेरीस अॅनेमीक व्हान व्ल्यूटन ही मोविस्टारची डच खेळाडू ९ सेकंदांनी जिंकली. त्यावर योग्य-अयोग्य अशी बरीच चर्चा झाली. माझ्या दृष्टीने शिकण्याजोगी गोष्ट अशी की मोविस्टारच्या मुलींना रस्ता कोठे वळतो आणि वारा कोणत्या बाजूने येतो हे आधीपासून ठाऊक होते.

आणि येथेच सोलापूरचा विषय सुरू होतो, कारण वारा आपल्याकडे मुबलक आहे.

जून ते ऑगस्ट या काळात आपल्या पठारावर पश्चिमेकडून जो वारा सुटतो तो येथील प्रत्येक सायकलस्वाराला परिचित आहे आणि बहुतेक जण त्याला शिव्या देतात. मला तो या शहराला मिळालेला सर्वांत मोठा प्रशिक्षक वाटतो. मंगळवेढ्याच्या दिशेने जाताना तो तोंडावर येतो. विजापूरच्या आणि तुळजापूरच्या रस्त्यावर तो जवळपास काटकोनात कडेने आदळतो. झाडांची रांग नाही, डोंगराचा आडोसा नाही, दोन्ही बाजूंना मोकळी शेते. नेदरलँड्स आणि बेल्जियममधील मुली लहानपणापासून अशाच उघड्या, सपाट, वाऱ्याच्या रस्त्यांवर वाढतात आणि महिलांच्या शर्यतींवर डच खेळाडूंचे इतकी वर्षे जे वर्चस्व राहिले आहे त्यात या भूगोलाचा वाटा मोठा आहे. त्यांच्याकडे डोंगर नाहीत, हे कोणी उणेपण म्हणून सांगत नाही.

आडव्या वाऱ्यात काय करायचे ते सविस्तर सांगते, कारण मराठीत ते फारसे कोठे लिहिलेले आढळत नाही. समोरून वारा असताना पुढचीच्या बरोबर मागे राहिले की आडोसा मिळतो. सपाटीवर वेगात असताना असा आडोसा घेणारीची सुमारे तीस टक्के मेहनत वाचते. वारा कडेने असेल तर आडोशाची जागा पुढचीच्या मागे तिरपी सरकते. म्हणून मुली एकामागे एक न राहता रस्त्याच्या रुंदीत तिरप्या रांगेत पसरतात. या रचनेला एशलॉन म्हणतात. रस्त्याची रुंदी जेवढी, तेवढ्याच जणी त्या रांगेत मावतात. ज्यांना जागा मिळत नाही त्या कडेच्या पट्ट्यात एकामागे एक लोंबकळतात, त्यांना आडोसा अजिबात मिळत नाही आणि काही मिनिटांत त्या सुटतात. शर्यत अशीच फुटते. म्हणून रस्ता वळून वारा कडेचा होणार असेल तर त्या वळणाच्या आधीच पुढे जाऊन जागा घ्यावी लागते. वळण घेतल्यावर धावाधाव करून काहीही साधत नाही.

सरावासाठी चार किंवा पाच मुली पुरतात. विजापूर रस्त्यावरून सोलापूरकडे परत येताना, म्हणजे उत्तरेकडे जाताना, पश्चिमेचा वारा डाव्या बाजूने येतो. तेव्हा पुढची मुलगी रस्त्याच्या डाव्या कडेला आणि बाकीच्या तिच्या उजवीकडे तिरप्या मागे अशी रचना करावी; पुढचीने आपली पाळी झाली की वाऱ्याच्या बाजूला सरकून वेग किंचित कमी करावा, म्हणजे मागे येता येता ती पुढे सरकणाऱ्या मुलींना आडोसाही देते. पाळी वीस ते तीस सेकंदांहून मोठी नको. पुढे आल्यावर वेग वाढवायचा नाही, आहे तोच ठेवायचा, ही सवय लागायला सर्वांत अधिक काळ लागतो, कारण प्रत्येक तरुण मुलीला पुढे आल्याबरोबर आपली ताकद दाखवावीशी वाटते.

हा सराव महामार्गावर करू नये, हे निक्षून सांगते. कमी वर्दळीचा जोडरस्ता निवडावा, रविवारी उजाडताना निघावे, मागे चेतावणीचे दिवे लावलेली एखादी मोटार पालकांपैकी कोणी चालवावी आणि रचना एका लेनच्या बाहेर जाऊ देऊ नये. ऊस गाळपाच्या दिवसांत, साधारण नोव्हेंबरपासून, दोन दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर अंधारात विनादिव्यांचे उभे असतात. त्या काळात उजाडण्यापूर्वी जिल्ह्याच्या कोणत्याही रस्त्यावर मुलींना नेऊ नये. आषाढी वारीच्या दिवसांत पंढरपूरकडचे रस्ते वारकऱ्यांचे असतात, ते त्यांनाच मोकळे ठेवावेत.

घाटाचा प्रश्न खरा आहे. सोलापूर आणि तुळजापूर यांच्या उंचीत साधारण दोनशे मीटरचा फरक आहे, तर आल्प द्युएझचा घाट १३.८ किलोमीटर लांब, सरासरी ८ टक्के चढाचा आणि अकराशे मीटरच्या आसपास उंची घेणारा आहे. तुळजापूरचा घाट पुन्हा पुन्हा चढल्याने त्या चढाईला लागणारे पाय बऱ्याच प्रमाणात तयार होतात, कारण स्नायूंना डोंगर दिसत नाही, केवळ किती जोर किती वेळ लावला एवढेच कळते; तोंडावरच्या वाऱ्यात जड गिअरवर वीस मिनिटे स्थिर जोर लावण्याचा सरावही तेच काम करतो. जे तयार होत नाही ते उतरणे. लांब उताराची वळणे वेगात आणि न घाबरता घेणे केवळ उतारावरच शिकता येते, म्हणून वर्षातून दोन-तीनदा आठवडाभर वाई-पाचगणीचा पसरणी घाट किंवा पुण्याजवळचा सिंहगड येथे मुक्काम करून सराव करावा. त्यासाठी शहर सोडून कायमचे बाहेर राहण्याची सध्या गरज नाही.

आता जे सोलापुरात मिळत नाही त्याविषयी. बंचमध्ये शर्यत करण्याचे दिवस आपल्या मुलींना मिळत नाहीत आणि ही उणीव कोणत्याही सरावाने भरून निघत नाही. आपल्याकडील मुलीच्या वाट्याला वर्षभरात जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय मिळून मोजक्या शर्यती येतात, त्यातही बऱ्याच टाइम ट्रायलच्या, एकटीने धावण्याच्या. त्याच वयाची युरोपातील मुलगी मार्च ते सप्टेंबर जवळजवळ दर आठवड्याला शर्यत खेळते. २०२६ च्या जानेवारीत पुणे जिल्ह्यात पुणे ग्रँड टूर ही आंतरराष्ट्रीय दर्जाची टप्प्यांची शर्यत भरली, ती पुरुषांची. तशीच महिलांची शर्यत महाराष्ट्रात व्हावी, निदान तीन दिवसांची तरी, अशी माझी मनापासूनची मागणी आहे. व्हिएतनामने हे केले आहे: तेथे बिवासे या नावाने महिलांची टप्प्यांची शर्यत भरते, आणि मेकाँग नदीच्या सपाट खोऱ्यातील आन जिआंग प्रांताकडून खेळणारी गुयेन थी थात ही आशियाई विजेती झाली, बेल्जियममधील संघाकडून खेळली आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकलाही गेली. आपल्यासारखाच सपाट मुलूख, पण शर्यती आहेत.

तोपर्यंतचा मार्ग असा. विजापूर आपल्यापासून शंभर किलोमीटरवर आहे. विजापूर आणि बागलकोट हे दोन जिल्हे भारतातील सायकल शर्यतींचे बालेकिल्ले आहेत. तेथे सायकलपटूंची क्रीडा वसतिगृहे आहेत आणि राष्ट्रीय स्पर्धांत तेथील मुलींचा दबदबा असतो. राज्याची सीमा मध्ये असली तरी तेथील मुलींबरोबर महिन्यातून एकदा सराव करण्यासाठी आपल्या मुलीला न्यावे. तिच्यापेक्षा वेगवान दहा मुलींच्या मागे टिकून राहण्याचा एक दिवस एकटीने केलेल्या कित्येक सरावांपेक्षा अधिक शिकवतो. दुसरे म्हणजे पुण्याच्या बालेवाडीचा व्हेलोड्रोम, म्हणजे सायकल शर्यतींचा ट्रॅक. तेथे स्क्रॅच आणि पॉइंट्स या प्रकारांच्या शर्यतींत बंचमध्ये खांद्याला खांदा लावून चालवण्याची भीती जाते, आणि ट्रॅकच्या सायकलला ब्रेक नसल्यामुळे पुढचीच्या हालचालीचा आगाऊ अंदाज घेण्याची दृष्टी येते. युरोपातील अनेक मोठ्या रोड खेळाडू ट्रॅकवर घडलेल्या आहेत.

सोलापुरात ब्रेव्हेची, म्हणजे ठरावीक वेळेत दोनशे-तीनशे किलोमीटर पूर्ण करण्याच्या लांब पल्ल्याच्या फेऱ्यांची, आवड चांगली रुजली आहे आणि त्या क्षेत्रातील ज्येष्ठ मंडळींविषयी मला आदर आहे. परंतु सतरा वर्षांच्या मुलीला शर्यतीसाठी तयार करायचे असेल तर तिला त्या दिशेने नेऊ नये. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत १७-१८ वर्षे गटाच्या मुलींची रोड रेस साधारण ७५ किलोमीटरच्या आत असते. तिला दोन तास तीव्रतेने शर्यत करायची आहे, पंधरा तास चालवत राहायचे नाही.

घरात जागच्या जागी सायकल चालवण्याच्या ट्रेनर या यंत्रावर मोजलेल्या वॅटच्या, म्हणजे पायांच्या जोराच्या, आकड्यांचेही तसेच. ते उपयोगी आहेत, कारण क्षमता किती आहे हे त्यातून प्रामाणिकपणे कळते. ऑस्ट्रेलियाची नीव्ह ब्रॅडबरी २०२० मध्ये झ्विफ्ट अकॅडमी या ट्रेनरवरील निवड स्पर्धेतून कॅन्यन-स्रॅम या व्यावसायिक संघात गेली, आणि २०२४ च्या जिरो दितालिया विमेन या इटलीतील टप्प्यांच्या शर्यतीत तिने ब्लॉकहाउसचा अवघड टप्पा जिंकून एकूण तिसरा क्रमांक मिळवला. या दोन घटनांमध्ये बंचमध्ये घालवलेली चार वर्षे आहेत, हे तिचे उदाहरण देणारे बहुधा सांगत नाहीत.

आहाराबद्दल पालकांनी विचारलेले नाही, तरी मुलींच्या बाबतीत मी त्याला सरावाइतकेच महत्त्व देते. आठ-नऊ दिवसांच्या शर्यतीत रोज तीन-चार तास झगडून दुसऱ्या दिवशी पुन्हा उभे राहायचे असते आणि ते साधते खाण्यावर व झोपेवर. दोन तासांहून अधिक तीव्र सराव असेल तर तासाला ६० ते ९० ग्रॅम कर्बोदके पोटात जायला हवीत. दोन केळी म्हणजे साधारण ५० ग्रॅम, आणि पाऊण लिटरच्या बाटलीत ४० ग्रॅम साखर, लिंबू आणि चिमूटभर मीठ घातले की ९० झाले. करमाळ्याची केळी आपल्या जिल्ह्यातच मिळत असताना महागड्या जेलच्या पुड्या रोज लागत नाहीत. कडक भाकरी आणि शेंगाचटणी विश्रांतीच्या दिवशी अवश्य खावी, पण शर्यतीच्या सकाळी तंतुमय आणि तेलकट पदार्थ टाळून भात, पोहे किंवा शिरा द्यावा. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांपर्यंत जातो, तेव्हा सकाळी आठच्या आत सराव संपवावा, आणि सरावापूर्वी व नंतर वजन करून किती घाम गेला ते पाहावे.

वजनाचे हे मोजमाप पाण्यासाठी आहे, मुलीला बारीक करण्यासाठी नाही. हलकी खेळाडू घाट लवकर चढते हे खरे असल्यामुळे या खेळात मुलींवर वजन घटवण्याचा दबाव सतत येतो, आणि २०२५ मध्ये पोलीन फेराँ-प्रेव्हो हिने वजन उतरवून टूर जिंकल्यानंतर युरोपातही यावर खुली चर्चा झाली. ती अनेक वर्षांच्या अनुभवाची, पॅरिसमधील माउंटन बाइक सुवर्णपदक विजेती खेळाडू आहे. तिचे अनुकरण वाढीच्या वयातील मुलीने करू नये. शरीराला मिळणारी ऊर्जा खर्चापेक्षा सातत्याने कमी पडली की मासिक पाळी लांबते किंवा बंद होते, हाडांची घनता घटते, झोप आणि मनःस्थिती बिघडते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला रेड-एस असे नाव देऊन तिचे निकष मांडले. सराव करणाऱ्या मुलीची पाळी बंद होणे स्वाभाविक आहे असे कोणी प्रशिक्षक म्हणत असेल तर त्या प्रशिक्षकाला सोडावे. तीन महिने पाळी आली नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे. वर्षातून दोनदा हिमोग्लोबिन आणि फेरिटिनची (शरीरातील लोहाच्या साठ्याची) तपासणी करावी, कारण लोहाची कमतरता आपल्याकडील मुलींत फार आढळते आणि ती असताना सराव वाढवला तर मुलगी केवळ थकत जाते. घरात याविषयी आईने आणि वडिलांनीही संकोच न करता बोलावे. दुकानातून मिळणाऱ्या शक्तिवर्धक पावडरी देऊ नयेत. त्यांत बंदी असलेला घटक मिसळलेला निघाला तर जबाबदारी खेळाडूचीच धरली जाते आणि बंदी तिच्यावर येते.

सायकलच्या खर्चाचा विषय लवकर आटोपते: या वयात एक लाखाच्या आतली, तिच्या मापाची, अॅल्युमिनियमची चांगली रोड बाइक पुरते. कार्बनच्या हलक्या सायकलीवर होणारा खर्च शर्यतींच्या प्रवासाकडे वळवावा. माप मात्र चुकवू नये. आता लहान मुलीला मोठी फ्रेम, पुढे वाढेल म्हणून, असे करू नये.

सुरक्षिततेचे रस्त्यापलीकडचे एक अंग आहे. २०२२ मध्ये परदेशातील सराव शिबिरात एका भारतीय महिला सायकलपटूने प्रशिक्षकाविरुद्ध तक्रार केली, त्याचा करार संपवण्यात आला आणि त्यानंतर भारतीय क्रीडा प्राधिकरणाने महिला खेळाडूंच्या पथकाबरोबर महिला प्रशिक्षक असणे आवश्यक केले. मुलीला कोणत्याही शिबिराला पाठवताना बरोबर कोण महिला अधिकारी आहे, खोल्यांची व्यवस्था कशी आहे, हे लेखी विचारावे. विचारणाऱ्या पालकांना कोणी अडचणीचे मानत असेल तर तेथे पाठवू नये.

तिसऱ्या प्रश्नाकडे येते. महिलांचा हा व्यवसाय गेल्या काही वर्षांतच व्यवसाय म्हणण्याजोगा झाला आहे. १९८४ मध्ये पुरुषांच्या टूरबरोबर महिलांचीही टूर झाली आणि अमेरिकेची मॅरियान मार्टिन जिंकली. १९८९ नंतर ते स्वरूप बंद पडले. इटलीतील जिरो १९८८ पासून कसाबसा टिकून होता. २०१६ मध्ये महिलांची वर्ल्ड टूर मालिका सुरू झाली, २०२० मध्ये सर्वोच्च श्रेणीच्या संघांना किमान पगाराची सक्ती झाली, तीही १५,००० युरोंची, आणि २०२३ मध्ये ती ३२,१०२ युरोंपर्यंत गेली. २०२२ मध्ये टूर पुन्हा सुरू झाली. किमान पगाराच्या नियमांबरोबरच बाळंतपणाची पगारी रजाही आली; ब्रिटनच्या लिझी डेगनन हिने मातृत्वानंतर पुनरागमन करून २०२१ ची पहिली महिला पॅरिस-रूबे ही एका दिवसाची प्रतिष्ठेची शर्यत जिंकली, हे मी मुलींच्या आजी-आजोबांना आवर्जून सांगते. विषमता अजून मोठी आहे: टूरच्या विजेतीला ५०,००० युरो मिळतात आणि विजेत्याला ५,००,०००.

म्हणून बारावी सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्यामागे केवळ सावधपणा नाही. या खेळात स्त्रिया उशिरा परिपक्व होतात. व्हान व्ल्यूटन विद्यापीठाचे शिक्षण घेत असताना, फुटबॉलमधील दुखापतीमुळे सायकलकडे वळली आणि २०२२ ची टूर तिने ३९ व्या वर्षी जिंकली; पहिल्या टप्प्यांत पोटाच्या विकाराने बेजार असूनही ल मार्कस्टाइनच्या टप्प्यावर साठ किलोमीटरहून अधिक अंतर एकटीने जाऊन. अमेरिकेची क्रिस्टन फॉकनर नोकरी करत असताना सायकल शिकली आणि २०२४ मध्ये रोड रेसची ऑलिंपिक विजेती झाली. सतराव्या वर्षी घाई करण्याचे कारणच नाही. दोन वर्षे सोलापुरात राहून बारावी पूर्ण करावी, आठवड्याला दहा-बारा तासांचा सराव ठेवावा, महाराष्ट्राच्या सायकलिंग संघटनेकडून नोंदणी करून राष्ट्रीय रोड आणि ट्रॅक स्पर्धा खेळाव्यात, आणि अठराव्या वर्षानंतर आशियातील शर्यतींचा किंवा स्वित्झर्लंडमधील एगल येथील आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाच्या प्रशिक्षण केंद्राचा विचार करावा. हे केंद्र मुख्यतः ज्या देशांत या खेळाच्या सोयी कमी आहेत तेथील खेळाडूंसाठी आहे.

त्या वेळी एखाद्या परदेशी संघाचा प्रस्ताव आला तर एक गोष्ट तपासून पाहावी. किमान पगाराचे वर दिलेले आकडे सर्वोच्च श्रेणीच्या संघांचे आहेत. सर्वांत खालच्या, कॉन्टिनेंटल श्रेणीत अनेक खेळाडू अल्प मानधनावर किंवा विनावेतन खेळतात, आणि आपल्याकडील मुलीला पहिला प्रस्ताव बहुधा तेथूनच येतो. तो वाईट असतो असे नाही, कारण तेथे तिला शर्यतींचे दिवस मिळतात. परंतु सही करण्यापूर्वी राहण्याचा, विमा आणि वैद्यकीय उपचारांचा, परतीच्या प्रवासाचा आणि सायकलचा खर्च कोणाकडे आहे, वर्षाला किमान किती शर्यती मिळतील आणि दुखापत झाल्यास करार चालू राहतो की नाही, हे लेखी घ्यावे. वडिलांकडून प्रायोजकत्वाच्या नावाखाली मोठी रक्कम मागणाऱ्या संघाला नकार द्यावा. तोपर्यंत करण्यासारखे काम जवळ आहे: येत्या आषाढातल्या वाऱ्यात तिला चार मैत्रिणींबरोबर मागे मोटार ठेवून जोडरस्त्यावर काढावे, आणि पहिल्या महिन्यात वेग किती झाला हे विचारू नये, रांग किती वेळ तुटली नाही, ते विचारावे.